पिण्यास अयोग्य

"दारू लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

राधाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"काकी, ऐकताय ना? खरी दारू. प्यायची. मिळेल तिथून आणा."

आरोग्य केंद्राच्या खाटेवर तिचा नवरा, बाबली, पोट धरून कण्हत होता. मध्येच डोळे चोळत होता. बाबली लोकांच्या दारं-खिडक्यांना पॉलिश करायचा. निवडणुकीमुळे दारूची दुकानं बंद होती, आणि काल दुपारी तो कामावरचं स्पिरिट प्यायला होता.

"ते प्यायचं नसतंच मुळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वयाने त्या राधाबाईच्या मुलीएवढ्या. "कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष मिसळतात. कडूही करतात. सरकारी नियमच आहे तसा."

"विष घालूक सांगतत?"

"डब्यावर लिहिलेलं असतं, काकी."

"तेंका वाचूक येता," राधाबाई हळूच म्हणाली. "वाचल्यानीच असतला." मग थोडं थांबून, "काल माझ्याकडसून साखर मागून नेल्यानी."

डॉक्टरीणबाई भराभर सांगू लागल्या. ह्या विषावरचं इंजेक्शन इथे नव्हतं. गोव्याला न्यायला गाडी निघाली होती, पण इथे पोचायला तासभर तरी लागणार होता. तोवर खरी दारू मोजून पोटात गेली, तर विषाचा जोर अडून राहतो. नाही गेली तर डोळे जातील. त्याच्या पुढचंही काही सांगता येत नाही.

राधाबाई पदर खोचून निघाली.

भिकाजीच्या माळ्यावर बाटल्या असतात हे अख्ख्या वाडीला ठाऊक. त्याने दार अर्धंच उघडलं, तिच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहिली आणि हसला.

"व्हयनी, तुमका कोणी धाडल्यान? पोलिसांनी?"

"नाय रे बाबा. तुझ्या मित्राक होयी. औषदाक."

"तुमी आनि दारू! देवळात गाऱ्हाना घालून माझो गुत्तो बंद केलास, ता इसारलास काय? आज मतदान. माझ्या घरात थेंब नाय. होयी तर झडती घेवा."

"भिकाजी, तुझे पाय धरतंय."

"पाय कसले धरतास, व्हयनी. माका जेलात भितूर घालूचो इचार आसा तुमचो." त्याने आतून कडी घातली.

रस्त्यापलीकडे तेरेझाचं घर. उपासाच्या दिवशी राधाबाई त्या घराची पायरीही चढत नसे. आज चतुर्थी असून ती थेट स्वयंपाकघरात शिरली. तेरेझा विळीवर बांगडे कापत होती.

"तेरेझा, फेणी आसा गो? आमच्यांनी पॉलिशचा स्पिरिट प्याल्यानी. डॉक्टरीण म्हणता, खरी दारू घातली तर डोळे वाचतीत."

तेरेझाने हात धुतले, फळीवरचे डबे भराभर सरकवले आणि मागची बाटली काढली. अर्धीअधिक भरलेली.

"काजूची आसा, चोख. भयनीन गोव्यासून हाडलली. गुडघ्याक लावूक ठेवलंय. घे, धाव."

राधाबाईने आयुष्यात पहिल्यांदा दारूची बाटली हातात घेतली. पदराखाली छातीशी धरली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि वळली. अंगण ओलांडलं असेल नसेल, मागून हाक आली.

"राधा."

तेरेझा दारात उभी होती. चौकट घट्ट धरून.

"ती नेव नको गो."

"कित्याक?"

"तेच्यात मियां रॉकेल घातलंय. कापूर आनि रॉकेल. आमचो पोरगो जासिंत लपान लपान पियता, म्हणान."

राधाबाईने बूच काढून वास घेतला. बूच परत घट्ट लावलं. बाटली पायरीवर ठेवली, पडू नये अशी, भिंतीला टेकवून.

"मी जातंय भिकाजीकडे," तेरेझा म्हणाली. "माका कसो नाय म्हणता, बघतंय." आणि माशांचा वास लागलेल्या हातांनी, अनवाणी, ती धावत सुटली.

राधाबाई केंद्रात परतली. डॉक्टरीणबाईंनी तिचे रिकामे हात पाहिले. त्या फोनवर गाडी कुठवर आली ते विचारत होत्या.

खिडकीतून उतरतं ऊन आत आलं होतं. थेट बाबलीच्या तोंडावर. तो डोळे मिटत नव्हता. तिची चाहूल लागली तशी त्याने मान वळवली, भलत्याच बाजूला.

"लायट गेली काय गो?"

राधाबाई त्याच्या उशाशी बसली. पदर पसरून तिने त्याच्या डोळ्यांवरचं ऊन अडवलं.

"व्हय," ती म्हणाली. "येतली एवढ्यात."