टरबुजाची पारख

वैनगंगेच्या रेतीत पिकवलेली टरबुजं घेऊन रुपाली सावली गावच्या बाजारात बसली होती, उन्हापायी तोंडाला दुपट्टा बांधून. एक पोरगा आला. एकेक टरबूज कानाशी धरून बोटानं टकटक वाजवू लागला.

"आवाजावरून काई समजून नाई राह्यलं, बाई. कापून दाखव."

चार-पाच कापायला लावली, प्रत्येकाची फोड खाल्ली आणि "मजा नाई" म्हणत हात पुसून निघून गेला. कापलेल्या टरबुजांवर दिवसभर फक्त माश्या आल्या.

संध्याकाळी रुपालीला बघायला पाहुणे आले. नवरदेव तोच. दुपट्टा नव्हता, त्यामुळे त्यानं तिला ओळखलं नाही.

रुपालीनं पोह्यांची प्लेट ठेवली, त्याच्या टाळक्यावर टकटक वाजवलं आणि कान लावला.



"आई, आवाजावरून काई समजून नाई राह्यलं. चाकू आण."