काढलेली वायर

रेडिएटर बदलला, पंप बदलला, तरी आमचा खटारा तापायचाच. तोही नेमका बाबांना माझ्या धाकट्या भावाकडे पोचवायला निघालो की! मग निमूट परत घरी. आज तर पहिल्याच सिग्नलला काटा लाल रेषेवर गेला आणि माझंही डोकं फिरलं. गाडी ढकलत गॅरेजमध्ये आणली.

मेकॅनिक बॉनेटमध्ये वाकला. "साहेब, पंख्याची वायर तुटलेली नाही. कुणीतरी काढून ठेवलीय."

मी तावातावाने मागच्या सीटकडे वळलो. "बाबा, जायचं नव्हतं तर सरळ सांगायचं ना!"

"अरे, मला ते बॉनेट उघडतासुद्धा येत नाही," बाबा म्हणाले.

त्यांच्याशी रोज उठून भांडणारी माझी बायको पुढच्या सीटवर मान खाली घालून नखांतलं काळं ऑइल पुसत होती.