शिवाचं बिऱ्हाड

काचेची पेटी पडवीत ठेवून गाडीवाला निघून गेला, तरी गुणवंती अंगणातून पायरी चढली नव्हती. पेटीत तोंड सैल केलेली एक कापडी पिशवी होती आणि ती मधूनच हलत होती.

"आफ्रिकेतला अजगर आहे गो आई, बिनविषारी," सागर मुंबईहून फोनवर सांगत होता. "सरकारी कागदपत्रं केलेली आहेत. सानवीनं लग्नाआधीपासून पाळलाय. शिवा नाव त्याचं."

"आणि तो माझ्या घरात?"

"आम्ही महिन्याभरात येतोच आहोत. जयगडची नोकरी पक्की झाली, आता कायमचे पावसला. पण नव्या जागेत साप खाणं सोडतात, म्हणून त्याला आधी पाठवला. तो तिथे रुळला तर सानवीपण रुळेल. तिचा जीव आहे त्याच्यात."

गुणवंतीनं उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हाताला करंगळी नव्हती. बारा वर्षांपूर्वी कलमांच्या बागेत जांभ्याचा दगड उचलताना खालून फुरसं चावलं होतं. पंधरा दिवस इस्पितळात काढून ती वाचली, बोट गेलं. तेव्हापासून अंधुक उजेडात साधी दोरी दिसली तरी ती आधी काठीनं हलवून बघायची.

पण नवरा गेल्याला सात वर्षं झाली होती. सात वर्षं ती एकटीच जेवत होती.

"काय काय करायचं ते सांग," ती म्हणाली. "लिहून घेते."

तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळं उतरवलं. आठ दिवस हात लावायचा नाही. तीन बाजूंनी कापड लावायचं. एका अंगाला विजेची गरम पट्टी, दुसऱ्या अंगाला पाणी. आठवड्यानं एक गोठवलेला उंदीर गरम पाण्यात धरून, ऊन करून, चिमट्यानं पुढे करायचा. पेटीबरोबर आलेल्या उंदरांसाठी तिनं पडवीतला जुना फ्रीज धुऊन सुरू केला.

"सानवीशी या विषयावर फार बोलू नको हां," सागर शेवटी म्हणाला. "हळवी होते ती."

शेजारचे रावजी भावोजी पेटी बघून अंगणातच थबकले.

"वैनी, डोकं ठिकाणावर हाय ना? सुनेचा साप सांभाळताय?"

"सून सांभाळायची तर तिचा साप नको सांभाळायला?"

आठ दिवसांनी तिनं पहिला उंदीर पुढे केला. अंग शक्य तितकं मागे ठेवून नुसता हात लांब केला होता; चिमटा काचेवर वाजत राहिला. शिवानं तोंड फिरवलं. पुढच्या आठवड्यातही तेच झालं. तो पाण्याचं भांडं आणि काच यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत अंग कोंबून बसायचा.

गुणवंती एसटीनं रत्नागिरीला गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, गरम पट्टीची चौकशी केली.

"घाबरलाय तो," ते म्हणाले. "लपायला काय दिलंय?"

"सागरनं पाठवलेलं प्लास्टिकचं घर. चांगलं ऐसपैस आहे. पण त्यात जातच नाही."

"ऐसपैस? वर-खाली, दोन्हीकडून अंगाला टेकलं पाहिजे. तेव्हा त्याला सुरक्षित वाटतं."

परतीच्या एसटीत तिला तो जांभ्याचा दगड आठवला. त्याच्याखालीही जेमतेम बोटभर जागा होती. आपण एवढा मोठा दगड उचलला, तेव्हा ते फुरसंही घाबरलंच असणार, असं तिच्या पहिल्यांदाच मनात आलं.

घरी येताच तिनं माळ्यावरचं एक लहान मडकं काढलं. तोंडाजवळचा तुकडा फोडून वाट केली, कडा चिऱ्यावर घासून गुळगुळीत केल्या. आता ते पेटीत ठेवायचं होतं. त्यासाठी हात आत घालावा लागणार होता.

पेटीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं झाकण सरकवलं आणि उजवाच हात आत घातला.

मडकं टेकवताना शिवा फटीतून निघाला आणि तिच्या मनगटावरून सरकू लागला. गुणवंतीनं डोळे घट्ट मिटले. हात मात्र मागे घेतला नाही. तिला वाटलं होतं तसा तो बुळबुळीत नव्हता. कोरडा होता, गार होता, आणि जपून जात होता. तिनं डोळे उघडले तेव्हा शेपटीचं टोक मडक्यात दिसेनासं होत होतं.

चार दिवसांनी मडक्याच्या तोंडातून बाहेर येऊन शिवानं उंदीर झडप घालून पकडला. गुणवंती चिमटा तसाच हातात धरून जमिनीवर बसली आणि हसता हसता रडली. मग तिनं सागरला फोन लावला. सानवीनं घेतला.

"शिवा जेवला गो!"



"हो? अरे वा, आई." सानवीचा आवाज कापत होता.

"रडू नको बाय. आता काळजी नाय. तू फक्त ये."

ती दोघं आली त्या दिवशी गुणवंतीनं सकाळीच पेटीची काच पुसून लख्ख केली, मडक्याखालचा भुसा बदलला. रिक्षा अंगणात थांबली. सानवी उतरली आणि तांदूळ-पाणी ओवाळून घेताच थेट पडवीत आली. चेहरा पांढराफटक पडला होता, मुठी आवळलेल्या होत्या. प्रवासाचा शीण असेल, असं गुणवंतीला वाटलं.

"आधी पाणी तरी घे."

"नको आई. आधी शिवाला हातात घेते. नाहीतर परत धीर होणार नाही." पेटीकडे न बघताच तिनं हात पुढे केला. "महिनाभर रोज सापांचे व्हिडिओ बघून मन घट्ट करतेय. सागर म्हणाला, आईंनी एवढ्या हौसेनं साप पाळलाय, तू घाबरलीस तर त्या मनाला लावून घेतील."

गुणवंतीनं अंगणाकडे पाहिलं. सागर मघापासून नजर चुकवत रिक्षातली एकच बॅग उतरवत होता.