लांडग्याचा वाटा

"गवत कोण खातं?" संस्कृतीनं तिसऱ्यांदा विचारलं.

"मेंढरू," मथुरा म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली, आया आपापल्या पोरांची उजळणी घेत होत्या. इथं तेवढी लेक आईची घेत होती. बेचाळीस वर्षांची मथुरा सतरा नंबरचा फॉर्म भरून दुसऱ्यांदा दहावीला बसलेली. सोलापुरातल्या एका दवाखान्यात ती अकरा वर्षं फरशी पुसत होती, रोजंदारीवर. दहावीचं सर्टिफिकेट आणलं तर कायम, नाहीतर जूनपासून घरी बसा. फरशी पुसायला विज्ञानाच्या पुस्तकातला टुंड्रा कशाला लागतो, असं विचारायची सोय नव्हती.

टुंड्रा तिला पाठ होता. वाळवंट पाठ, सदाहरित जंगल पाठ. अडायचं ते गवताळ प्रदेशापाशी, जिथं ती जन्मली, वाढली. गेल्या साली अन्नसाखळी विचारली तेव्हा तिनं लिहिलं होतं : गवत, मेंढरू, लांडगा. तपासणाऱ्यानं लाल फुली मारली. दोन मार्कांनी विज्ञान गेलं. त्या माणसानं माळ एसटीच्या खिडकीतून तरी बघितला होता का, देव जाणे.

मथुराचा बाप सयाजी आयुष्यभर माळावर मेंढरं राखत फिरला. सांजच्याला कळप मोजताना तो एक कोकरू मोजायचं सोडायचा. ते लांडग्याचं. लांडग्यानं नेलं तर मागं धावायचं नाही, शिवी द्यायची नाही. माळ त्येचाबी हाय, म्हणायचा.

"पेपर आज्जा तपासणार न्हाय, आई," संस्कृती दटावून म्हणाली. "पुस्तकातलं सांग. गवत, मग?"

"नाकतोडा. बेडूक. साप. घार." कडू औषध गिळावं तसं मथुरानं एका दमात सांगून टाकलं.

घंटा झाली. संस्कृतीनं डब्यातलं दही-साखर आईच्या तळहातावर घातलं, हॉल तिकीट पुन्हा बघितलं, खांद्यावरचा पदर नीट केला. पंधरा वर्षांच्या पोरांच्या लोंढ्यात मथुरा फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच माघारी आली.

"आन मेंढरं?" तिनं हळूच विचारलं. "ती कुटं ठिवू?"

संस्कृतीला हसू आलं नाही. तिनं आईचा हात धरला.

"हितं ठेव, माझ्यापाशी. तू सुटूस्तोवर मी राखते की."

मथुरानं मान हलवली. पदरानं डोळे पुसले आणि आत गेली. शिपायानं फाटक ओढून घेतलं.

मग गजांच्या पलीकडून तिचा आवाज आला.

"लांडगा आला तर एक दे त्येला. हाकलू नगंस."