न झालेला सामना
१९२४चं फुटबॉलचं अजिंक्यपद पेनसिल्व्हेनियातल्या ब्लॅक क्रीकच्या खाणकामगारांनी जिंकलं. तसं काही घडलंच नाही, असं स्पर्धा भरवणाऱ्या लीगनं पत्रानं कळवलं. परवानगीशिवाय दुसऱ्या संघाच्या हद्दीत खेळल्यामुळे शेवटचा सामना झालाच नाही, असं समजावं. वांडाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच सामन्यात गुडघा मोडून तिचा नवरा खाटेवर पडला होता. "काय म्हणतायत गं?" त्यानं विचारलं. "तू ठणठणीत आहेस म्हणतायत!" पत्र घेऊन ती खाणीच्या मुकादमाकडे गेली. "वहिनी, गुडघा खाणीत मोडला असता तर बैठं काम दिलं असतं. मॅचमध्ये मोडला. सोमवारी आला नाही तर नाव कापतो." "कुठली मॅच, मेल्या?" घरी येऊन तिनं लीगला लिहिलं: "महोदय, सामना झालाच नसल्यामुळे माझ्या नवऱ्याचा गुडघाही मोडलेला नाही. तरी आपल्या ठरावाची एक प्रत गुडघ्याच्या नावे सोमवारपूर्वी पाठवावी, ही नम्र विनंती."