आधी अपडेट

हेमांगीनं निरंजनच्या कानामागची केबल लॅपटॉपला जोडली. अपघातानंतर नवऱ्याची स्मृती मेंदूतल्या चिपवरच चालत होती, आणि ती बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. हल्ली तो शेजाऱ्यांची नावं विसरायला लागला होता, तेव्हा दुरुस्ती आता घरीच करायची होती. चिपला नवी सिस्टिम चालत नव्हती, म्हणून तिनं लॅपटॉपवर चिपच्या काळातली जुनी लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम घातली, आणि लिहिलेला कोड चिपला कळेल असा करून देणारा त्याच काळातला कंपायलरही शोधून काढला.

"हेमे, नवीन काही घालू नकोस हं," निरंजन म्हणाला. "मी जुनाच बरा."

"गप बस रे. ऑफिसात वीस वर्षं हेच करतेय मी."

हसून त्यानं डोळे मिटले.

वीस वर्षांत तिच्या बोटांना एकच सवय लागली होती. मशीन तयार झालं, की आधी सगळं अपडेट करायचं. कमांड टाइप करून तिनं एंटर दाबलं, आणि मग तिचं लक्ष केबलकडे गेलं. ती उपटेपर्यंत लॅपटॉपबरोबर चिपही नवी झाली होती.

निरंजननं डोळे उघडले.

"निरू?"

"नमस्कार," तो नम्रपणे म्हणाला. "नोंदणीसाठी कृपया सांगा, आपलं माझ्याशी नातं काय?"