बंद केलेल्या सावल्या

मुकेशनं गेमच्या सेटिंगमध्ये आधी सावल्या बंद केल्या, मग गवत, मग पाण्यातलं प्रतिबिंब. दाभोसा गावात व्होल्टेज आधीच कमी. ग्राफिक्स कार्डानं जास्त वीज ओढली की बापाचं ऑक्सिजन मशीन टीं टीं करायचं. दगडखाणीच्या धुळीनं त्याची फुप्फुसं गेली होती. खाटेवरून पोराचा गेम बघणं एवढाच त्याचा विरंगुळा. कॉम्प्युटर बंद ठेवला तर रुसायचा. मुकेश हेडफोन एका कानावरून सरकवून, मशीनचा कानोसा घेत खेळायचा. “झाडांना सावली कशी नाय रे?” बाप विचारायचा. “कार्ड जुनं हाय, बा.” पावसाळ्याआधीच बाप गेला. त्याचं दिवसकार्य आटोपलं. आईनं भाड्याचं मशीन जव्हारच्या जीपमध्ये चढवलं. रिकाम्या खाटेवर बसत म्हणाली, “आता लाव सावल्या.” मुकेशनं सगळं पुन्हा चालू केलं. गेम कुठेच अडखळला नाही. झाडांखाली दाट सावल्या पडल्या. हेडफोन मात्र एका कानावरून सरकलेलाच होता.